हाफटाइमपुरता फुटबॉल

लीड्सला मी ज्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचे, त्या काकांनी फुटबॉलचा एकही सामना शेवटपर्यंत पाहिला नसेल. हाफटाइमची शिट्टी झाली की टीव्ही बंद. शेवटी कोण जिंकलं, हे त्यांना सोमवारी बसस्टॉपवर शेजारी सांगायचा.

हाफटाइमला कोण पुढे असेल, यावर काका ऑनलाइन बाजारात सौदे करायचे. एखादा संघ पुढे असेल असं वाटलं की 'हो' या उत्तराचे शेअर घ्यायचे आणि भाव चढला की विकायचे. जुगार म्हटलं की चिडत. "हे बेटिंग नाही गं, ट्रेडिंग आहे. माणूस पंचेचाळीस मिनिटं खरा खेळतो, पुढे सगळे हिशोब करतात."

संशय तर त्यांच्या रक्तातच होता. टीव्हीवरचं चित्र काही सेकंद उशिरा येतं, तेवढ्यात मैदानात बसलेले लोक गोल आधी बघून सौदे करतात आणि आपल्याला लुटतात, अशी त्यांची खात्री. दुकानातून आणलेली तुरडाळसुद्धा घरी वजन करून मगच डब्यात जायची.

माझ्यावर मात्र या माणसाची निखळ माया. मी एका छोट्या व्यावसायिक क्लबात फिजिओ. संध्याकाळी घरी आले की फोडणीचा भात समोर यायचा आणि मागोमाग ठरलेला प्रश्न, "आज कोणाकोणाला बरं केलंस?" पुणं सोडल्यापासून असं कोणी विचारलं नव्हतं. मीही सांगत सुटायचे, कुणाचा गुडघा, कुणाची पोटरी.

मग एकदा क्लबात आम्हाला बसवून बजावलं, दुखापतीची बातमी बाहेर गेली तर नोकरी जाईल, लोक त्यावर पैसे लावतात. माझा व्हिसाच त्या नोकरीवर होता. फोडणीचा भात मला फुकट मिळत नव्हता की काय?

त्या शुक्रवारी त्यांनी विचारलं आणि मी सरळ खोटं बोलले. "गोलकीपरचा खांदा गेलाय, काका. उद्या नाही खेळणार."

"अरेरे. पोराला फार दुखतंय का गं?" मला तो कळवळाही बेरकी वाटला.

शनिवारी सामना आटोपून आले तेव्हा काका स्वयंपाकघरात होते आणि त्यांचा टॅबलेट टेबलावर उघडा होता. चोरासारखी मी सौद्यांची यादी वर सरकवत गेले. कितीतरी महिन्यांचे सौदे होते. आमच्या क्लबच्या सामन्यावर एकही नव्हता.

"तुझ्या क्लबला मी हात लावत नाही," दारातून आवाज आला. त्यांच्या हातात माझं ताट होतं. "गोलकीपर खेळला की आज. टीममध्ये नाव पाहून बरं वाटलं मला." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ते थांबले. "मी काय करतो ते बघायचं होतं, होय?"

मला लाज वाटली.

"बरोबर केलंस," ते म्हणाले. "मीही हेच केलं असतं."

फोडणीचा भात त्यानंतरही मिळत राहिला. प्रश्न मात्र बंद झाला. काका पावसाबद्दल बोलत, बसबद्दल बोलत. मला तो प्रश्न परत हवा होता, पण मागायचा कुठल्या तोंडाने?

वर्षभराने मला वॉटफर्डला नोकरी मिळाली. काका बॅग घेऊन स्टेशनपर्यंत आले. मी गाडीत चढत असताना म्हणाले, "तिकडे कुठल्या क्लबा..." आणि मध्येच थांबून हात हलवला.

"नको. सांगू नकोस."