मंगलाचा हात

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून बोलून राहिले. ओळखीचे असता तर जीभ उचलली असती का माझी? नाही.

अमरावतीला आमच्या घराजवळच्या तलावावर सकाळी बायकांची बॅच असते. पोहण्याचा तलाव म्हणतेय मी, टाइल्सचा, निळ्या पाण्याचा. पंचेचाळिशी उलटल्यावर मला पोहायला शिकायची हौस आली. एकटीनं जायची लाज वाटे, म्हणून शेजारच्या मंगलाला ओढलं. खरं तर गरज तिलाच होती. तिचे गुडघे गेले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पाण्यातला व्यायाम करा, नाहीतर चालणं सुटेल. मी मात्र जिथेतिथे असं सांगायची, की मंगलासाठी जाते हो मी. बघा, सुरुवातच अशी.

तिचा नवरा, आमचे भाऊजी, साधा माणूस. तिचा पोहण्याचा ड्रेस त्यांनी स्वतः दुकानात जाऊन आणला. रोज स्कूटरवर सोडायला येत, फाटकाबाहेर थांबत. शेंदूरजनाघाटला त्यांच्या भावाची बाग आहे, तिथली मृग बहाराची संत्री पिशवी भरून आणत आणि सगळ्या बायांना वाटत. बाया त्यांची थट्टा करायच्या, "भाऊजी, आमच्या घरच्यांनाही शिकवा जरा!" ते लाजून हसत.

आम्हाला पोहायला शिकवणाऱ्या मॅडमचा नियम होता. शिकणाऱ्या बाईनं जोडीशिवाय पाण्यात उतरायचं नाही. जोडीनं हात धरायचा, जोडीनं पाय मारायचे, एकीला जमेपर्यंत दुसरीनं पुढे जायचं नाही. माझी जोडी अर्थातच मंगला. ती माझं मनगट असं आवळायची की घरी गेल्यावरही वळ दिसायचे. "हात सोडू नको वो शोभा," एवढंच तिचं चालायचं. "तू हायेस म्हनून उतरतो मी पान्यात."

आणि मला — कसं सांगू? — मला तो हात नकोसा झाला होता. मला पोहणं जमत चाललं होतं. बाकीच्या जोड्या दोरीपलीकडे खोलात जाऊ लागल्या, आणि मी कमरेएवढ्या पाण्यात एका घाबरट बाईला धरून उभी. जिची जोडी सुटायची, तिला मॅडम स्वतः खोलात घेऊन जायच्या. ते मला दिसत होतं. रोज दिसत होतं. मॅडमला सरळ सांगता आलं असतं ना, जोडी बदलून द्या म्हणून? आलं असतं. पण मग मी वाईट दिसले असते. मला पोहायचंही होतं आणि चांगलंही दिसायचं होतं.

म्हणून एका सकाळी तिच्या ओट्यावर बसून मी म्हटलं, "मंगला, मॅडम म्हणाल्या, तुझ्या गुडघ्यांची जबाबदारी त्यांना झेपत नाही. उद्यापासून नको येऊ म्हणाल्या." मॅडम असं काहीच बोलल्या नव्हत्या.  मंगला म्हणाली, "बरोबरच हाये त्यायचं. माह्यामुळं साऱ्याइचा खोळंबा होते." मॅडमला जाऊन विचारेल अशी ती बाईच नव्हती. हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं म्हणूनच तर बोलले.

तलावावर दुसरं खोटं. का येत नाही मंगला, बायांनी विचारलं. मी आवाज खाली केला आणि म्हटलं, "भाऊजींना तो ड्रेस पटत नाही."

पुढे कोणी एकही प्रश्न विचारला नाही. कोण विचारणार? आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकीच्या घरी त्या ड्रेसवरून काही ना काही झालंच होतं. कोणाची सासू, कोणाचा दीर. सगळ्यांनी माना हलवल्या. "वरून किती गोड माणूस!" एक म्हणाली. मीही मान हलवली.

त्यानंतर मॅडमनी मला खोलात नेलं. महिन्याभरात मी एकटी पोहायला लागले आणि बॅचही सोडली. दुपारच्या वेळी जाऊ लागले, कोणी नसताना. सांगायला लाज वाटते, पण फार सुख होतं त्यात. कोणाचा हात नाही, कोणासाठी थांबणं नाही.

मंगलाचं चालणं दोन-तीन वर्षांत सुटलं. आता दोघं अकोल्याला मुलाकडे असतात. ऑपरेशन करायचं तर तिच्या हृदयाला झेपणार नाही म्हणतात. मागच्या महिन्यात भेटायला गेले. खाटेवर होती. सुनेला म्हणाली, "हे शोभा. हिनं लय केलं माह्यासाठी. हिच्यामुळं मी पान्यात तरी उतरली." सून माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

परत निघाले तेव्हा भाऊजी बसस्टँडवर सोडायला आले. माझी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "ताई, एक विचारू? त्या तलावावरच्या बाया एकदम माह्याशी बोलेनाशा झाल्या होत्या. बाजारात दिसल्या तरी तोंड फिरवत. काहून वो? माह्याकडून काही चुकलं होतं काय? मंगलाले विचारलं, तिलेही सांगता आलं नाही."

तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं.

"काही नाही हो भाऊजी," मी म्हटलं, "तुमचा भास असेल."

"हो, असंन," ते म्हणाले. बस लागली. गर्दीत घुसून त्यांनी माझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरली, आणि मी तिथं जाऊन बसले.