मामांच्या पसंतीची जागा

एकवीसचा डाव कुठं खेळावा, याचा आमच्या हिच्या मामांइतका विचार जगात दुसऱ्या कोणी केला असेल असं मला वाटत नाही. आणि इतका विचार करून वर्षानुवर्षं एकाही स्पर्धेत न उतरलेला माणूस तर दुसरा नसणारच. एकवीस हा तसा साधा खेळ. हातातल्या पानांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ तितकं बरं, ओलांडली की मेलात. एकेक पान मागत जायचं; राजा, राणी, गुलाम दहाचे. पैशांऐवजी चिंचोके लावायचे. सत्तर सालाच्या सुमाराला आमच्या भागात गावोगावी याच्या स्पर्धा होत. त्यातली एखादी जाहीर झाली की मामा आठ दिवस आधी जागा बघायला निघायचे. मुलगी बघायलासुद्धा माणसं इतक्या तयारीनं जात नाहीत. बांधकाम खात्यात जन्म गेलेला. पिशवीत मोजपट्टी, गवंड्याची पाणसळ आणि पत्त्यांचा एक जुना जोड असायचा. टेबलावर पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध येतो का, हे आधी पाहायचं. मग पंखा सुरू करायला लावून त्याखाली एक पान सोडायचं आणि ते कुठं जाऊन पडतं ते मोजायचं. मग चारी दिशांना तोंड करून पाच-पाच मिनिटं बसायचं. "उजेड डोळ्यांत आला की मानूस सोळाला पान मागतो, जावईबापू," हा त्यांचा सिद्धांत. शेवटी आचाऱ्याकडं जाऊन रस्सा चाखायचा. रस्सा फार चांगला असला तर जागा बाद, कारण जेवणावर झोप येते. वाईट असला तरी बाद, कारण मग डावात चित्त लागत नाही. मधला रस्सा कोल्हापूर जिल्ह्यात कोणी करत नाही, हे मामांना ठाऊक नव्हतं असं नाही.

माझ्याकडं स्कूटर होती, एवढ्या अपराधासाठी या सगळ्या पाहण्या मला घडल्या. मुरगूडला आम्ही एका मंगल कार्यालयाची लांबीरुंदी घेत होतो, तेव्हा व्यवस्थापकाच्या बायकोनं आम्हांला पोहे दिले, चहा दिला आणि पदर सावरत विचारलं, "पावणं, मुलगी कुटली म्हनायची?" मामा बुडबुड्यातून मान वर न काढता म्हणाले, "मुलगी न्हाय, पत्तं हायती." त्या बाईंनी पोह्यांची बशी उचलून नेली नाही, हा मुरगूडचा मोठेपणा.

मामांच्या अपेक्षा आधीच उंच होत्या. त्यात त्यांना रद्दीच्या दुकानात एक विलायती मासिक सापडलं. त्यात कुठल्याशा परदेशी जुगारगृहाची रंगीत चित्रं होती. गालिचे, झुंबरं, पोहायचा तलाव आणि हिरव्या टेबलाभोवती बसलेली कोट घातलेली माणसं. चित्राखालचा मजकूर मी त्यांना वाचून दाखवला. ते लोक खेळतात त्याला ब्लॅकजॅक म्हणतात, हे कळल्यावर मामा खूप वेळ हसले. "आपला एकवीसच हाय की ह्यो! नुस्ता बूट घालून बसलाय." पण त्या मजकुरात एक वाक्य होतं, की अशा ठिकाणी भिंतीवर घड्याळ नसतं. ते त्यांनी मनावर घेतलं. पुढच्याच आठवड्यात शिरोळला एका मंडळाच्या चकचकीत सभागृहात सगळं पसंत पडत आलं असताना मामांनी समोरच्या भिंतीकडं बोट दाखवून सांगितलं, "त्ये उतरवा." ते घड्याळ अध्यक्षांनी स्वर्गवासी वडिलांच्या स्मरणार्थ दिलेलं होतं. खाली पितळी पाटीवर वडिलांच्या नावापेक्षा अध्यक्षांचं नाव मोठं होतं, त्यामुळं घड्याळ उतरवणं म्हणजे अध्यक्षांना उतरवणं. आम्ही चहा न घेता निघालो. पन्हाळ्याच्या एका हॉटेलात मात्र त्या मासिकातल्या चित्राच्या जवळपास जाणारा थाट होता. तिथं मामा खिडकीशी बसले, पानं पिसली, आणि खिडकीतून एक ढग सरळ आत आला. पाच मिनिटांत सगळा जोड पापडासारखा वाकला.

रोजचा खेळ मात्र मामा ज्या जागी खेळत ती त्यांनी कधी मोजली नाही. बाबूभाई नावाचे त्यांचे तीस वर्षांचे दोस्त स्टोव्ह दुरुस्त करायचे. त्यांच्या दुकानात रॉकेलच्या वासात, एका उपड्या खोक्यावर दोघांचा डाव रोज दुपारी मांडला जायचा. मधून एखादा दुरुस्त झालेला स्टोव्ह परीक्षेसाठी पेटायचा आणि दोघांच्या भुवया तांबूस दिसायच्या. तिथं मामा वाघ होते. बाबूभाईंच्या मते साऱ्या जिल्ह्यात मामांना हरवील असा गडी नव्हता, आणि हे ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगत. मामा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण चेहऱ्यावर तेज यायचं.

एका उन्हाळ्यात बाबूभाईंनी दुकान बंद करायचं ठरवलं. मुलगा भिलाईला नोकरीला लागला होता, आणि तो म्हाताऱ्याला एकटं ठेवायला तयार नव्हता. गुरुवारची गाडी ठरली. त्याआधीच्या रविवारी पेठ वडगावला स्पर्धा होती. बाबूभाई म्हणाले, "मामा, एकदा तरी दोघं खेळू या. जायच्या आदी." मामा तातडीनं, म्हणजे माझ्या स्कूटरवर, जागा बघून आले. जागा म्हणजे गुळाचं गोदाम होतं. पंखा नाही, टेबल नाही, पोत्यांवर बसायचं, मुंगळे आणि माश्या. मामांनी पाणसळ पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नाही.

"न्हाय जमायचं," खोक्याशी बसत ते म्हणाले. "मुंगळं हायती."

बाबूभाईंनी हातातली स्टोव्हची पिन खाली ठेवली. "मुरगुडात काय होतं?"

"पंखा."

"शिरोळात?"

"घड्याळ."

"मामा, जागा वंगाळ न्हाय. तू भ्यालायस."

"कोन भ्यालंय?"

"तूच की. हरलास तर? म्हनून तीस वर्सं भिताडं मोजत फिरतोयस. म्या गुरुवारी जानार. तू बस हितं मोजत. खोकं ठेवून जातो तुला."

मी स्टोव्हकडं बघत राहिलो. मामांनी पानं गोळा केली, जोड नीट केला, खिशात घातला आणि निघून गेले. रविवारी सकाळी मी बाबूभाईंना घेऊन एस.टी. स्टँडवर गेलो, तर मामा आमच्या आधी येऊन रांगेत उभे होते. तीन तिकिटं त्यांनीच काढली. पिशवी आणली नव्हती.

गोदामात शंभरेक माणसं पोत्यांवर दाटीनं बसली होती. उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यांनी तरुणांनी पत्त्यांसारख्या व्यसनांपासून दूर राहावं असा अर्धा तास उपदेश केला, मग नारळ फोडून पत्त्यांच्या स्पर्धेचं उद्घाटन केलं. मामांच्या समोर गावातले एक शाळामास्तर आले, अत्यंत शांत आणि बहुधा अर्धे झोपेत. मामांनी पंधरावर पान मागितलं. राजा आला. पुढच्या डावात चौदावर मागितलं. पुन्हा राजा. थोड्याच वेळात मामांपुढचे चिंचोके मास्तरांपुढं गेले आणि मास्तरांनी जांभई दिली. मामा उठले, धोतर झटकलं आणि मी काही बोलायच्या आत बाबूभाईंच्या पाठीमागं जाऊन उभे राहिले.

आणि तिथं मी एक निराळाच माणूस पाहिला. खांद्यावरच्या पंच्यानं ते बाबूभाईंवरच्या माश्या वारत होते. "थांब, थांब! अठरा लई झालं!" असं ओरडत होते, पंचांची बोलणी खात होते आणि पंचांनाच "तुमाला खेळातलं काय कळतं वो?" असं विचारत होते. बाबूभाई एकेक फेरी जिंकत शेवटच्या डावापर्यंत गेले. शेवटी हातात सोळा असताना त्यांनी मान वळवून मामांकडं बघितलं. मामा म्हणाले, "माग." दहिला आला, सव्वीस झाले. दोघं एवढे हसले की मामांना गुळाच्या ढेपेला टेकून उभं राहावं लागलं. दुसऱ्या क्रमांकाचा तांब्या त्याच पुढाऱ्यांच्या हस्ते मिळाला, तो दोघांनी मिळून घेतला.

परतीच्या गाडीत बाबूभाई मांडीवर तांब्या ठेवून मामांच्या खांद्यावर झोपून गेले. बाहेर उसावर तिरपं ऊन होतं. मामा हळूच म्हणाले,

"जावईबापू, हरलो की वो मी."

"होय मामा."

"कायच झालं न्हाय."

नवी जमीन सापडलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "कायच होत न्हाय," ते पुन्हा म्हणाले. मग खांद्यावरच्या डोक्याकडं बघून, "ह्ये आदी कळाय पायजे होतं. किती गावं झाली असती आमची दोघांची."

कोल्हापूर आलं. गाडी रिकामी झाली. कंडक्टरनं येऊन आवाज दिला, "पावणं, उतरा की, आलं स्टँड." मामा ताठ बसले होते, खांदा जराही न हलवता. त्यांनी ओठावर बोट ठेवून त्याला थांबायची खूण केली.