ताटावरचा हात

कुमुदकाकू वाढायला आल्या की ‘नको’ हा शब्द त्यांना ऐकूच येत नसे. आपण ताटावर हात आडवा धरावा, तर बोटांच्या फटीतून पोळी आत सरकायची. ‘अर्धीच आहे रे, तीही पातळ,’ असं वर ऐकवायच्या. न्यूझीलंडमध्ये माउंट रॉस्किलला त्या मुलाकडे राहायला आल्या तेव्हा मी शेजारी एकटाच राहत होतो. वर्षभरात माझ्या सगळ्या पँटी घट्ट झाल्या.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र पंचाईत होती. सून डाएटवर, मुलगा ऑफिसात जेवणारा आणि नातू ‘नो थँक्स आजी, आय ॲम फुल’ म्हणून उठणारा. ‘फुल म्हणे! माणूस काय पेट्रोलची टाकी आहे?’ काकू माझ्यापाशी तणतणायच्या. काका गेल्यावर पुण्याचं घर बंद करून आल्या होत्या. एक दिवस म्हणाल्या, ‘माझं परतीचं तिकीट बघ रे. इथे माझ्या हातचं कुणाला नकोय. मग मी करू काय इथे?’ मला फार वाईट वाटलं. बघतो म्हणालो आणि बघितलं नाही.

जाण्यापूर्वी त्यांना एक जुनं दगडी चर्च पाहायचं होतं, कॅलेंडरवर असतं तसं, साधू राहतात ते. असलं मध्ययुगीन काही न्यूझीलंडमध्ये कुठून आणणार? पण हॅमिल्टनच्याही पुढे, गाईंच्या कुरणांत एक मठ होता. तिथलं चर्च लाकडी, पत्र्याच्या छपराचं. ‘हा तर गोठा!’ काकू गाडीतूनच म्हणाल्या. पाहुण्यांची व्यवस्था बघणारे ब्रदर लिओ सत्तरीचे होते, झग्याखाली जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. मी ओशाळून आमचा बेत सांगितला तर हसले. ‘इमारत माझ्याहून वयाने लहान आहे. नियम मात्र मध्ययुगातले.’

त्यांतले दोन नियम जेवणाचे होते. जेवताना बोलायचं नाही आणि पानात पडेल ते टाकायचं नाही. मी भाषांतर करून सांगितलं. दुसरा नियम ऐकून काकू खूश झाल्या. ‘बघ, याला म्हणतात संस्कार!’

आम्ही तिघं जेवायला बसलो. काकूंच्या पिशवीतून पुरणपोळ्यांचा डबा आणि तुपाची बरणी निघाली. ब्रदरनी एक पोळी संपवली. ताट रिकामं दिसताच काकूंनी दुसरी वाढली. मग तिसरी. ब्रदरना नको म्हणता येईना, टाकता येईना, आणि काकूंना थांबवेना. मी तोंडाला रुमाल लावून बसलो. पाचव्या पोळीला ब्रदरच्या कपाळावर घाम आला. काकूंचा चेहरा मात्र असा फुलला होता, की तसा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

बाहेर आल्यावर ब्रदर खांबाला टेकले. ‘फार सुंदर होतं. दोन पुरल्या असत्या.’

‘अगं बाई! मग सांगायचं नाही का?’ म्हणता म्हणता काकूंनी जीभ चावली. बिचारे सांगणार कसे? मग त्यांनी आपल्या डाव्या तळव्याचं ताट करून त्यावर उजवा हात आडवा धरला. ‘ब्रदर, लुक. एनफ म्हणजे असं. मी थांबेन, प्रॉमिस.’ पण राहवलं नाही. ‘आणि वन मोअर चालणार असेल, तर बोटं जरा फाकवायची.’

ब्रदरनी खूण दोनदा करून पाहिली आणि विचारलं, ‘पुन्हा कधी येणार?’

हॅमिल्टन मागे पडलं तसा काकूंनी पिशवीतून डबा काढून मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, ‘तिकीट राहू दे. पुढच्या खेपेला गूळपोळ्या नेऊ.’

त्यानंतर चार वर्षं आम्ही जात राहिलो. काकू घरीही आडव्या हाताला मान देऊ लागल्या आणि गंमत म्हणजे नातू आपण होऊन मागून घेऊ लागला.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. महिन्याभराने मी स्वतः पुरणपोळ्या केल्या, जाड आणि फाटक्या, आणि एकटाच मठात गेलो. ब्रदर लिओ आता खूप थकलेत. नेहमीसारखे आम्ही न बोलता जेवायला बसलो. त्यांनी एक पोळी कशीबशी संपवली. मी दुसरी उचलली तसा त्यांनी ताटावर हात आडवा धरला. मी थांबलो. त्यांनी काकूंच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि हळूच बोटं फाकवली.