ओलीटाची मूक विनंती

पहिलं भांडं आलं ते चिकन डंपलिंगचं. दुसरं चीज घालून भाजलेल्या बटाट्यांचं. संध्याकाळपर्यंत ओलीटा स्कॅग्जच्या ओसरीवर पाच भांडी झाली, प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर ते पाठवणाऱ्या बाईचं नाव. आमच्या डोंगरात असं झाकलेलं भांडं दोनच कारणांनी येतं. एक तर घरात कुणी गेलेलं असतं, नाही तर जायच्या बेतात असतं.

केळ्याचं पुडिंग घेऊन आलेल्या शेजारच्या इमोजीनला ओलीटाने दारातच धरलं. "कोण मेलं गं?"

"कुणी नाही, बाई." इमोजीनने तिचा दंड चोळला. "तू आराम कर. मज्जातंतूंचं दुखणं वाईट. माझ्या मावसबहिणीला झालं होतं, ती कोंबड्यांशी बोलायची."

"मला काय झालंय?"

"अगं, बुधवारी व्हर्लीनने चर्चमध्ये विनंती केली ना! म्हणाली, आपल्या ओलीटासाठी प्रार्थना करा, तिचे मज्जातंतू ढिले झालेत, जास्त विचारू नका. रडवेली झाली होती बिचारी."

बुधवारी ओलीटा चर्चमध्ये नव्हती. ती अग्निशमन केंद्रात होती. नव्या आयांच्या मोटारींत बाळांच्या खुर्च्या नीट बसवून देत होती, घोट्यापर्यंत चिखलात उभी राहून. अशी कामं ती वर्षानुवर्षं फुकट करायची. ऑगस्टमध्ये शाळेच्या व्यायामशाळेत फुटबॉलच्या पोरांची तपासणी, जत्रेत लहान मुलांच्या कापडी अस्वलांना बँडेज, थंडीत जुने कोट गोळा करून लॉरेल फोर्कच्या खोऱ्यात वाटणं. व्हर्लीन टॅकेट म्हणजे डॉक्टरांची बायको. तिने कधी चिखलात पाय घातला नाही, पण प्रार्थनेच्या विनंत्यांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आमच्याकडे चहाडी करणं पाप आहे. प्रार्थनेसाठी सांगणं पुण्य आहे. दोन्हींत शब्द तेच असतात.

ओलीटा लॉरेल फोर्कचीच. बाप खाणीत, आई सात लेकरांची. त्यातलं एक तापात गेलं, कारण डॉक्टर डोंगराच्या पलीकडे होता आणि मध्ये नदीला पूर होता. ओलीटा नर्स झाली. मग चाळिशी गाठताना, दिवसा नोकरी करून आणि शनिवारी शहरात जाऊन, पुढचं शिकली. नर्स प्रॅक्टिशनर झाली, म्हणजे मूल तपासून, रोग ओळखून, औषधही लिहून देणारी. फक्त कायद्याने एक मेख मारून ठेवली होती. कुणी तरी डॉक्टर 'हिच्या कामाला माझी संमती आहे' म्हणून सही करेल तोवरच तिला औषध लिहिता येणार. तिच्यासाठी ती सही रॉयस टॅकेट डॉक्टरांची होती.

त्यांच्या दवाखान्यात तिने उमेदीची सगळी वर्षं काढली. पोरं तिला 'मिस ओलीटा' म्हणत आणि कान तपासायला आपण होऊन डोकं कलतं करत. आया फोनवर विचारत, "आज मिस ओलीटा आहे ना? नसेल तर उद्या येतो." हे ऐकून डॉक्टर हसायचे. हसणं ओठांपुरतंच असायचं. मग आई वारली, तिचं लॉरेल फोर्कचं घर ओलीटाच्या वाट्याला आलं आणि तिने ठरवलं, तिथेच दवाखाना काढायचा. डॉक्टर भर चर्चमध्ये म्हणाले, "माझी सही तुझीच आहे, ओलीटा." तिने भिंती पाडल्या, नळ घातले, पुढच्या खोलीच्या भिंतीवर पोरांसाठी मासे रंगवले. आणि उघडायच्या तोंडावर डॉक्टरांनी सही काढून घेतली.

"तुझ्या तब्येतीसाठी," ते म्हणाले. "लोक काळजीत आहेत गं."

लोक काळजीत का आहेत हे तिला ती पाच भांडी आणि इमोजीन दारात आल्यावर कळलं. आसपासच्या कुठल्याच डॉक्टरने मग तिच्यासाठी पेन उचललं नाही. मज्जातंतू ढिले झालेल्या बाईच्या हाती लेकरं कोण देईल? ती शाळेत साधी नर्स म्हणून लागली. खरचटल्यावर पट्टी, टेंगळावर बर्फ. कुणाचा घसा लाल दिसला की चिठ्ठी लिहायची: डॉक्टरांना दाखवा.

भांडी मात्र तिने घासून, पुसून ज्याची त्याला परत केली. "चव छान होती," म्हणाली. एकही घास तिने खाल्ला नव्हता. सगळं इमोजीनच्या कुत्र्यांना घातलं होतं.

त्यानंतर तिने एक बुधवार चुकवला नाही. व्हर्लीनच्या बरोबर मागच्या बाकावर बसायची आणि तिच्या केसांच्या घट्ट वळ्या बघत राहायची. राग तिने पोटात ठेवला होता. लोणच्यासारखा तो आतल्या आत मुरत होता. अख्खा हिवाळा गेला.

डॉगवूडची झाडं फुलली त्या सुमाराला एका बुधवारी पाद्री ब्रदर होबार्टने विचारलं, "आणखी कुणाची विनंती?"

ओलीटा उभी राहिली. "डॉक्टर टॅकेटांच्या घरासाठी," ती हळू म्हणाली. "मूक विनंती आहे, ब्रदर."

आणि खाली बसली.

मूक विनंती म्हणजे देवाला माहीत आहे, माणसांना सांगण्यासारखं नाही. त्यावर प्रश्न विचारायचा नसतो. पुढच्या बाकावर व्हर्लीनच्या कानातले डूल एकदम हलले.

बाहेर पायरीवरच इमोजीनने तिला गाठलं. "दारू आहे का गं?"

"मी काही बोलले का?"

"नाही."

"मग?"

"म्हणजे दारूपेक्षा वाईट!" इमोजीन म्हणाली आणि लगबगीने गेली.

बाकीचं काम गावाने केलं. कुणी म्हणालं, डॉक्टरांचे हात थरथरतात. कुणाला आठवलं, गेल्या खेपेला सुई टोचताना ते थांबले होते. कुणी डॉक्टरांसाठी शहरातली एक बाई शोधून काढली, बोलता बोलता तिला लाल मोटारही दिली. टॅकेटांच्या संगमरवरी पायरीवर चिकन डंपलिंग आलं, बटाटे आले. ओलीटा त्या रस्त्याने मुद्दाम सावकाश गाडी नेई. रात्री तिला आता शांत झोप लागत होती, खोटं कशाला सांगा?

दवाखान्यातली गर्दी ओसरली. ओलीटाला हेच हवं होतं. आया पोरांना घेऊन जाणार कुठे, हा विचार तिने केला नव्हता. किंवा केला होता आणि बाजूला सारला होता.

मे महिन्यात टँडी मलिन्स आपल्या मुलीला उचलून शाळेत धावत आली. पोरीच्या बरगड्या दर श्वासाला आत ओढल्या जात होत्या. ओठांभोवती निळसर.

"कधीपासून?"

"रविवारपासून खोकत होती, मिस ओलीटा."

"रविवारपासून? आणि डॉक्टर?"

"त्यांच्याकडे कसं नेऊ?" टँडी रडत होती. "तुम्हीच तर प्रार्थना सांगितलीत. आणि शहरात जायला नवऱ्याची गाडी बंद."

ओलीटाने रुग्णवाहिका बोलावली. पोरीला मांडीवर सरळ बसवून धरलं, तिच्या श्वासाबरोबर स्वतः श्वास घेत राहिली. औषध कुठलं हवं ते तिला माहीत होतं. पण लिहून द्यायची तिला मुभा नव्हती. रुग्णवाहिकेने पोरीला शहरात नेलं आणि ती वाचली. पण ती वाचल्याचा फोन येईपर्यंत ओलीटा शाळेच्या आवारात आपल्या गाडीत स्टिअरिंग धरून बसली होती. व्हर्लीनने आग लावली होती खरी. पण रॉकेल कुणी ओतलं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

राग मात्र गेला नाही. उलट आता त्याला दोन तोंडं फुटली, एक टॅकेटांकडे, एक स्वतःकडे.

दुसऱ्या दिवशी ती टॅकेटांच्या दवाखान्यात गेली. बाकं रिकामी. डॉक्टर स्वतःच दारात आले.

"काय सांगितलंस तू लोकांना माझ्याबद्दल?"

"काही नाही."

"काही नाही कसं? माणसं माझे हात बघतात! किराणा दुकानात हात बघतात!"

"डॉक्टर, मी काहीच सांगितलं नाही. तुमच्या बायकोने निदान रोगाचं नाव तरी घेतलं होतं."

ते खुर्चीत बसले. हात टेबलाखाली घेतले. "मागे घे ते," म्हणाले.

"घेते. सही द्या. आणि बुधवारी तुम्ही दोघं उभे राहा आणि शब्दांत सांगा. मला काही झालं नव्हतं, ते का सांगितलं, सही का काढली. सगळं. मूक नको."

"व्हर्लीन मरेल लाजेने."

"लाजेने कुणी मरत नाही. मी अख्खा हिवाळा बघितलंय."

"आणि नाही केलं तर?"

"तर बुधवारी मी परत उभी राहीन," ओलीटा म्हणाली. "आणि परत काही बोलणार नाही."

सही मंगळवारीच झाली. पुढच्या खोलीतल्या माशांवरची धूळ पुसताना तिने टँडीला फोन केला, पोरीला तपासायला सोमवारी घेऊन ये म्हणून.

बुधवारी चर्च भरलं होतं. मरणाला एवढी माणसं येत नाहीत. डॉक्टर उभे राहिले. त्यांनी सांगितलं, लोक तिला विचारत येत, मला विचारत नसत, ते मला सोसलं नाही. व्हर्लीनने रुमालामागून म्हटलं, "मज्जातंतूंचं मी मनाने रचलं." मागून कुणी तरी म्हणालं, "मोठ्याने, सिस्टर, इकडे ऐकू येत नाही." तिला ते पुन्हा म्हणावं लागलं.

ब्रदर होबार्टचे डोळे पाणावले. "सिस्टर ओलीटा, मनातलं काढून टाकशील ना?"

"आधी प्रार्थना होऊ द्या," ओलीटा म्हणाली.

माना खाली गेल्या, डोळे मिटले. ओलीटाने मिटले नाहीत. समोरच्या घट्ट वळ्यांखाली व्हर्लीनची मान लाल होत होती, कानांपर्यंत चढत होती. डॉक्टरांनी बाकाची कड धरली होती, आणि आज त्यांचे हात खरोखरच थरथरत होते. ओलीटा ते डोळे भरून पाहत होती.

ब्रदर होबार्ट 'आमेन'पाशी आला तशी ती हळूच म्हणाली, "घाई करू नका, ब्रदर. आणखी थोडी चालू द्या."