आमच्या घरी नानाकाकाचा गुरुवार

नानाकाका बरा झाला, अन् गावानं त्याची भाकर बंद केली.

आज सकाळी तो गेला. आमच्या टेंभुर्णीत, मारुतीच्या पारावर.

गावाच्या ग्रुपवर फोटो टाकून राह्यलेत. "सगळ्यांचा लाडका नाना."
लाडका म्हणे! लाज वाटू द्या जरा.

ज्यांना ठाऊक न्हाई त्यांच्यासाठी सांगते. मी शाळेत होते तेव्हा त्याच्या डोक्यावर परिणाम झाल्ता. भिंतीशी बोलायचा, भर उन्हात अनवाणी उभा राहायचा. मागंपुढं कुणी नव्हतं.

मंग गावानं बसून वार लावले. रोज एका घरी त्याचं जेवण. सोमवार सरपंचाकडं, मंगळवार दुकानदाराकडं, गुरुवार आमच्याकडं.
गावानं त्याला उपाशी झोपू दिलं न्हाई. खोटं कशाला बोलू?

पुढं नव्वद सालाच्या सुमारास तालुक्याच्या दवाखान्यात मानसिक आजाराचे डॉक्टर यायला लागले. माझी आई त्याला एसटीनं घेऊन जायची. महिन्याला एक इंजेक्शन.

आणि माणूस बरा झाला हो!
दाढी केली. स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लागला.
एका गुरुवारी ताटावर बसला अन् म्हणाला, "वैनी, आता काम सांगा. कामाची भाकर खायची मला."
आई चुलीपुढं रडली. आनंदानं.

तिकडं पारावर बैठक बसली.
"शहाणा झाला ना? मंग कमवून खाऊ दे. फुकटचे वार कशाला?"
आमचा गुरुवार सोडून सगळे वार बंद!

बरं, काम तरी द्यावं?
सरपंच म्हणाले, "येड्याच्या हातात विळा देऊ का?"
दुकानदार म्हणाला, "गिऱ्हाईक भितंय."

जेवायला शहाणा अन् कामाला येडा. वा रे माझ्या गावा!

आई म्हणायची, रोज आमच्याकडंच या. तो यायचा न्हाई. "तुमचा गुरुवार, वैनी. बाकीचे वार तुमचे न्हाईत."
बाकीचे दिवस पाणी पिऊन पडून राहायचा.

मंग एकदा इंजेक्शनच्या दिवशी एसटी येऊन थांबली अन् हा जागचा हलेना.
आई म्हणाली, "भावजी, चला की. जल्दी करा, गाडी सुटंल."
"न्हाई येत, वैनी."
"अहो, इंजेक्शननंच बरे झालात ना?"
"बरा झालो, तर एका घरची भाकर राह्यली. येडा होतो तेव्हा सात घरची होती."

एसटी गेली. आईनं किती विनवण्या केल्या, तो पुन्हा कधी चढला न्हाई.

पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा भिंतीशी बोलायला लागला.
सोमवारी सरपंचाच्या घरून ताट आलं.
"बिचारा, पुन्हा बिघडला हो," म्हणाले. मंगळवारी दुकानदाराकडून आलं. सगळे वार पहिल्यासारखे सुरू झाले, ते शेवटपर्यंत.
गाव खूश. पुण्य चालू!

आता ग्रुपवर ठरून राह्यलंय, तेराव्याला गावजेवण. बुंदी करायची की शिरा, यावर वाद चाललाय.
आईला फोन केला. म्हणाली, "मी न्हाई जाणार. त्याच्या नावानं त्यांनी खाल्लेलं मला बघवायचं न्हाई."

नानाकाका, जा आता.
तिथं कुणी विचारलं, शहाणा का येडा, तर लगेच सांगू नको.
आधी पोटभर जेवून घे.
रामराम.