हिरवे बोये

आमच्या बेटावर कोणाचं पाणी कुठवर, हे कागदावर कुठे लिहिलेलं नाही. शेवंडीचा सापळा तळाशी सोडायचा आणि वर आपल्या रंगाचा लाकडी बोया तरंगत ठेवायचा. माझा पिवळा, एव्हरेट क्राउलीचा लाल. ज्याचे बोये, त्याचं पाणी. एक हंगाम ते रिकामं राहिलं की पहिला सापळा टाकेल तो मालक. अमेरिकेतल्या या मेन राज्याच्या किनाऱ्यावर सगळीकडे हाच कायदा, आणि त्यावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत.

आल्मेडामावशीच्या घरापुढची छोटी खाडी तिच्या मुलाची, लेस्टरची. हिरवा रंग, मध्ये पांढरा पट्टा. बापाशी भांडून तो टपालाच्या बोटीने गेला तो थेट डेट्रॉइटला, मोटारींच्या कारखान्यात. बाप त्याच हिवाळ्यात वारला. वसंतात मावशीने वल्ह्याची होडी पाण्यात लोटली आणि पोराच्या रंगाचे सापळे स्वतः टाकून आली.

दरवर्षी हेच. थंडीत ती स्वयंपाकघरात बोये रंगवायची. तिच्या बिस्किटांनाही रंगाचा वास यायचा. मी चिडवायचो, "मावशी, शेवंडी धरताय की पोरगा?"

"आधी सापडेल ते," ती म्हणायची.

पुढे तिचे गुडघे गेले, तरी ती होडी सोडेना. एव्हरेटला त्या खाडीची हाव होती, पण माणूस सरळ. तो विचारायला आला तेव्हा तिने त्याला ब्लूबेरीचं सारण भरून भाजलेला गोड पाय खायला दिला आणि म्हणाली, "बोया दिसतोय ना? मग खा आणि घरी जा."

आणि गेल्या उन्हाळ्यात लेस्टर खरंच आला. डोक्यावर गवती हॅट, बरोबर बायको. आम्ही त्याचं सामान धक्क्यावरून वर नेलं. मावशीने शिंपल्यांचं सार केलं होतं, आणि ती लेस्टरच्या शेजारून हलेना, म्हणून वाढायला मला उठावं लागलं.

जेवण झाल्यावर तो ओसरीत उभा राहून पाणी बघत होता. खाडीच्या तोंडाशी माझे पिवळे होते, पलीकडे एव्हरेटचे लाल.

"आई, ते हिरवे कुणाचे गं?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडलं. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

"माझे," ती म्हणाली.

"या वयात? पुरे झालं आता. आमच्याकडे ये राहायला." तो प्रेमानेच बोलला, खोटं का सांगू. पण बायको तेवढ्यात बॅगा भरायला आत गेली, आणि पुन्हा तो विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवशीच्या बोटीने दोघं परतले.

मला लेस्टरचा इतका राग आला होता की मीच एव्हरेटला सांगितलं, "वसंतात खाडी तुझी. म्हातारीला मी समजावतो." तिने आणखी किती वर्षं त्या थंड पाण्यात हात घालायचे? आणि कुणासाठी?

बर्फ वितळल्यावर मी तिच्याकडे गेलो. वाक्यं मनात घोळवून ठेवली होती. मावशी अंगणात एका सापळ्याला दोर बांधत होती. भिंतीला टेकून बोये सुकत होते, हिरवे, पांढरा पट्टा.

मी म्हणालो, "मावशी, अहो, त्याला स्वतःचा रंगसुद्धा आठवला नाही."

"हो ना," ती म्हणाली. दोराची गाठ तिने दाताने घट्ट केली. "पण पाण्यात पिवळे होते, लाल होते. त्याने विचारलं ते हिरव्यांचंच ना?"

एव्हरेटचं नावही मी काढलं नाही. तिने सापळ्याचं एक टोक उचललं होतं; मी दुसरं धरलं आणि आम्ही होडीकडे निघालो.