बिमारीशिवायचं नागपूर

फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरायचा, डावा तळवा उघडायचा, उजव्या हाताचं बोट त्या तळव्याच्या बरोबर मधोमध टेकवायचं आणि विचारायचं, "ते ठीक हाय, पन मधात हाय का?" पलीकडचा माणूस नागपुरातल्या कुठल्यातरी लॉजच्या काउंटरवर बसलेला. त्याला तुमचा तळवा दिसणार कसा, असं मी एकदा विचारलं, तर भाऊ म्हणाले, "मले तं दिसते ना, मॅडम."

कुरखेड्याच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळा सहायक होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही. प्रयोगशाळेच्या मागच्या खिडकीतच काय ती मोबाइलला रेंज यायची, म्हणून मधल्या सुट्टीत भाऊ तिथे. आणि डबा घेऊन मीही तिथेच, कारण स्टाफरूममध्ये बदल्यांची तीच ती चर्चा ऐकून माझा जीव विटला होता. कित्येक वर्षं मी ॲसिडच्या वासात भाजी-पोळी खाल्ली आणि नागपूरच्या लॉजांच्या चौकशा ऐकल्या.

तुम्ही म्हणाल, नागपूरला खोली शोधायची त्यात एवढं काय? खरंच काही नाही. पण भाऊंना ती स्वस्त हवी होती, आई, बायको, दोन पोरी आणि ते स्वतः असे घरचे पाचही जण एकाच खोलीत मावायला हवे होते, आणि ती मधात हवी होती. लॉजवाले म्हणत, पाच जणांना दोन खोल्या घ्या. भाऊ म्हणत, "दोन खोल्यांत झोपाचं तं घरीच झोपतो ना, बाप्पा." आणि फोन ठेवून देत.

मधात म्हणजे कशाच्या मधात, हेही मला उशिराच कळलं. भाऊंच्या हिशेबानं नागपूरचा मध्य म्हणजे मोठा सरकारी दवाखाना. त्यांचंच कशाला, आमच्या अख्ख्या तालुक्याचा तोच मध्य. आमच्याकडे 'त्याला नागपूरला नेलं' एवढं कुणी म्हणालं की ऐकणारा पुढे काही विचारत नाही, फक्त चेहरा लांब करतो. भाऊंच्या वडलांना नेलं होतं, ते परत आले नाहीत. बायकोला ऑपरेशनसाठी नेलं, ती आली. त्यांची धाकटी लहान असताना भाऊ एकदा घरी म्हणाले, "उद्या आपन नागपूरले जाऊ." पोरीनं घाबरून विचारलं, "कोन बिमार हाय?"

हे सांगताना भाऊ हसायचे, पण ते त्यांच्या मनाला लागलं होतं. तेव्हापासून त्यांचं एकच. "मॅडम, एकदा बिना बिमारीचं नागपूर पाहाचं हाय. सगळ्यायनं मिळून." माणसाच्या इच्छा किती लहान असतात आणि तरी त्यांना किती दमवतात, हे मी त्या खिडकीपाशी बसून पाहिलं.

कारण भाऊ खोली शोधतात हे गावभर झालं होतं, आणि आमच्याकडे खोली लागते ती पेशंटवाल्यांना. शिपायाच्या भावाला नेलं, भाऊंनी खोली मिळवून दिली. सावली गावाहून बदलून आलेल्या सरांच्या सासूला नेलं, तेव्हाही भाऊच. दिवाळीच्या सुट्टीसाठी त्यांनी स्वतःसाठी धरून ठेवलेली खोली शेजारच्या बाळंतिणीच्या माणसांना गेली. बायको चिडली. "तुमाले सगळ्यायचं दिसते. माह्या पोरी कवा पाहातीन शहर?" भाऊ दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीत. डोळ्यांखाली काळं, खांद्यात फोन.

या साऱ्या खटपटीत त्यांना एक लॉज सापडलं होतं. स्वस्त, मधात, आणि पाच जणांना एक खोली द्यायला तयार. तिथला मॅनेजर भाऊंना आवाजावरून ओळखायचा. भाऊ त्याला आधी विचारत, जेवले का, पोरं कशी आहेत, आणि मगच खोलीचं काढत. मंडईला यायचं आमंत्रणही त्यांनी त्याला दरसाल दिलं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की ओळखीपाळखीचा प्रत्येक माणूस घरी जेवायला आणि झोपायला येतो, मग नाटक बघतो. ज्याच्याकडे आपण राहणार त्याला आपल्याकडे बोलवायला नको का, असा भाऊंचा सरळ विचार. लॉजवाला बापडा कधी आला नाही.

मग थोरलीचं लग्न ठरलं. धान निघालं की बार उडवायचा, असं दोन्ही घरांनी ठरवलं. भाऊ मला म्हणाले, "आता नाई गेलो तं पाच जन पुन्हा नाई होत, मॅडम." त्या वेळी ते हसले नाहीत. त्यांनी मॅनेजरला फोन केला, दोन रात्रींची खोली सांगितली आणि गावात कुणालाही कळू दिलं नाही. मलाही निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं, तेही हळू आवाजात. तांदळाच्या भाकरी, जवसाची चटणी आणि म्हातारी आई घेऊन ते पाच जण पहाटेच्या एसटीत बसले.

पुढचं मला सोमवारी कळलं. थोडं भाऊंनी सांगितलं, बाकीचं धाकटीनं. ती माझ्याच वर्गात होती.

लॉजवर पोचल्यावर मॅनेजर आनंदानं उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आओ भाऊ, आओ. पेशंट कौन हाय?"

भाऊ म्हणाले, "कोनी नाई. आमी फिराले आलो."

मॅनेजरचा चेहरा पडला. इतकी वर्षं जो भाव भाऊंना मिळत होता तो पेशंटच्या नातेवाइकांचा होता. मालकाचा नियमच तसा होता, दवाखान्याची चिठ्ठी दाखवा आणि स्वस्तात राहा. धडधाकट माणसांना दुप्पट. भाऊंनी आजवर पाठवलेला प्रत्येक माणूस चिठ्ठीवालाच होता, त्यामुळे हे कधी बोलण्यातच आलं नव्हतं. मॅनेजर भला माणूस, त्यानं आवाज खाली करून वाट काढून दिली. समोर दवाखाना आहे, आईच्या नावाची चिठ्ठी काढून आणा, थोडा वेळ रांगेत उभं राहायचं, बस्स.

आईनं ते ऐकलं आणि तिथल्या तिथे पायरीवर बसून कण्हायला लागली. "मी हाव ना बिमार. माहे घुटने पाह्य ना, कसे सुजले. काढ चिठ्ठी, लेका."

भाऊंनी तिला हाताला धरून उठवलं. "माय, ऊठ. घरून चांगली आली तू. बिमार म्हनून नाव लिहाचं नाई. ह्या खेपेले नाई."

"कागदावरच तं लिहाचं हाय," बायको म्हणाली. "दोन रात्री राहाले भेटते."

"मले मालूम हाय," भाऊ म्हणाले, "पन नाई."

त्यांनी पूर्ण भाव देऊन एकाच रात्रीची खोली घेतली. दोन दिवसांचं शहर एका दिवसात उरकलं. तलाव पाहिला, बाजारात थोरलीसाठी चपला घेतल्या, मेट्रोच्या स्टेशनात वर जाणाऱ्या सरकत्या जिन्याला भिऊन सगळे साध्या जिन्यानं चढले. दवाखान्याच्या फाटकासमोरून जाताना मात्र आईनं बाहेरूनच हात जोडले. रात्री पाचही जण एका खोलीत झोपले. धाकटी मला म्हणाली, "बाबा लई घोरले, मॅडम. इतके कधीच नाई घोरत." ऐकून मला इतकं बरं वाटलं की तिचा गृहपाठ मी तपासलाच नाही.

भाऊंना मात्र रुखरुख राहिली. "एक दिवस कमी पडला," असं ते बरेच दिवस म्हणत. मग थोरली सासरी गेली, माझी बदली गडचिरोलीला झाली, भाऊ रिटायर झाले. प्रयोगशाळेच्या खिडकीत आता कुणी उभं राहत नाही असं कळलं. गावात टॉवर आला.

गेल्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, त्यांची आई गेली. घरीच, दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. मी भेटायला गेले तेव्हा अंगणात माणसं बसली होती, चिखलाचे पाय घेऊन बांधावरून थेट आलेली. त्यातल्या एकानं, अशा वेळी आमच्याकडे सगळेच विचारतात तसं विचारलं, "काऊन भाऊ, नागपूरले नाई नेलं काय?"

भाऊ किती म्हातारे दिसत होते. त्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं आणि त्या माणसाकडे सरळ पाहिलं.

"एकदाच नेली माय नागपूरले," ते म्हणाले, "चांगली होती तवा. मेट्रोत मांडी घालून बसली. उतर म्हनलं तं उतरे नाई."